पाहुण्यांचा शनिवार

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधून शनिवारी सकाळी निघणाऱ्या सगळ्याच बस सहलीला जात नाहीत. काहींच्या काचेवर कंपनीच्या नावाचा फ्लेक्स असतो, आत एका रंगाचे टी-शर्ट घातलेली तीस-चाळीस माणसं असतात, आणि मागच्या सीटवर दप्तरांचे गठ्ठे, रंगाचे डबे नाहीतर रोपांच्या पिशव्या. बस मुळशीकडे वळते, मावळात शिरते, कधी भोरला किंवा पुरंदरला जाते आणि एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे थांबते. शनिवारी शाळा सकाळची असते, अकरा-साडेअकराला सुटायची. पण वाटेत चांदणी चौकात गाडी अडकली, कुणाचा तरी नाश्ता राहिला होता म्हणून आणखी एक थांबा झाला, तर मुलं थांबून राहतात. बाईंनी दारात रांगोळी काढलेली असते. चौथीच्या मुलींचं स्वागतगीत बसवून झालेलं असतं. सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, झालंच तर केंद्रप्रमुख, सगळे खुर्च्यांवर. मग नारळ, गुलाबाचं फूल, भाषणं, दप्तरवाटप, भिंत रंगवणं आणि फोटो.

या सगळ्याला कंपनीच्या भाषेत ‘व्हॉलंटिअरिंग’ म्हणतात आणि त्याचे तास मोजतात. चाळीस माणसं गुणिले सहा तास म्हणजे दोनशे चाळीस. प्रवासाचे धरायचे की नाहीत, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. बाईंनी स्वागतगीत बसवायला घातलेले तास, शिपायाने खुर्च्या आणायला केलेल्या खेपा, स्वयंपाकीण ताईंनी खिचडीशिवाय पाहुण्यांसाठी वेगळा टाकलेला चहा-पोह्यांचा घाट, यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. मला या विषयात रस वाटला तो इथे. सेवा कोण कुणाची करतंय, हे त्या शनिवारी नीट बघितलं तर ठरवणं अवघड जातं.

शाळा तक्रार करत नाही, हेही खरं. भिंतीवरच्या चित्रांबरोबर मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार दुरुस्त होतं, पाण्याची टाकी येते, कधी दोन संगणक येतात. त्या दारासाठी पंचायत समितीकडे किती अर्ज गेलेले असतात, ते मुख्याध्यापकांनाच ठाऊक. एका शनिवारच्या पाहुणचारात ते होत असेल, तर गुलाबाची फुलं महाग नाहीत.

यामागे कायदा आहे, असं बहुतेकांना वाटतं. तो आहे, पण तासांसाठी नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. पहिल्या वर्षी देशभरात हा खर्च सुमारे 10 हजार कोटींचा होता. 2022-23 मध्ये तो 30 हजार कोटींच्या घरात गेला. कर्मचाऱ्यांच्या वेळेचं काय, हा प्रश्न कंपन्यांनी साहजिकच विचारला. एखादी अभियंता बाई दिवसभर शाळेत शिकवत असेल, तर तिच्या पगाराचा तेवढा हिस्सा या 2 टक्क्यांत धरावा का? कंपनी व्यवहार मंत्रालयाने 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात याचं उत्तर दिलं आहे. कर्मचाऱ्यांना जरूर सामील करून घ्या, पण त्यांच्या सेवेची रुपयांत किंमत करून ती खर्चात दाखवू नका. म्हणजे कायद्याच्या वहीत तासांना शून्य किंमत. तरीही वार्षिक अहवालांत ते ठळक आकड्यांत छापले जातात. एवढ्या कर्मचाऱ्यांना शनिवारी स्वखुशीने बसमध्ये बसवणारी गोष्ट कायद्याच्या बाहेरची आहे, हे एका परीने चांगलंच म्हणायचं.

तास मोजण्याची रीत आली ती अमेरिकेतून. सेल्सफोर्स ही कंपनी 1999 मध्ये स्थापन झाली तेव्हाच तिने ठरवलं की भागभांडवलाचा 1 टक्का, उत्पादनाचा 1 टक्का आणि कर्मचाऱ्यांच्या वेळेचा 1 टक्का समाजासाठी. तिथे कर्मचाऱ्याला वर्षाला सात दिवस भरपगारी रजा फक्त या कामासाठी मिळते. मायक्रोसॉफ्टमध्ये कर्मचाऱ्याने एखाद्या संस्थेत घातलेल्या तासामागे कंपनी त्या संस्थेला पैसे देते; अनेक वर्षं हा दर तासाला 25 डॉलर होता. यातून एक गंमत झाली आहे. अमेरिकेतल्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा रविवारी भरतात आणि शिकवणारे आई-बाबा बरेचदा सॉफ्टवेअरवाले असतात. मंडळ तिथल्या कायद्यानुसार नोंदलेली ना-नफा संस्था असेल आणि कंपनीचे नियम आड येत नसतील, तर ‘ग’ गणपतीचा शिकवायला दिलेला तास कंपनीच्या संकेतस्थळावर टाकायचा, आणि मंडळाच्या खात्यात डॉलर जमा. मराठी शिकवल्याबद्दल अमेरिकी कंपनीने पैसे मोजावेत, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. इकडे मराठी शाळांच्या पटसंख्येवर परिसंवाद भरवण्यापेक्षा ते बरं.

पुण्यातल्या कित्येक कंपन्या या परदेशी कंपन्यांच्याच शाखा. त्यामुळे धोरण तिकडचं आणि शनिवार इकडचा, असा मेळ बसतो. आणि बसला की काही अडचणी ठरल्याप्रमाणे येतात. पहिली भूगोलाची. सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं, म्हणजे बस साठ-सत्तर किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. तेवढ्या वर्तुळातल्या शाळांच्या भिंती पुन्हापुन्हा बोलक्या होतात. एका कंपनीने काढलेल्या पाढ्यांवर दुसरी कंपनी सूर्यमाला काढते. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे महाराष्ट्रातले चार जिल्हे केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहेत. नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळेत मात्र शनिवारची बस पोचत नाही. कायद्यातही स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावं असंच म्हटलं आहे, तेव्हा कंपन्यांना दोष देता येत नाही. कारखाना जिथे, सेवा तिथे.

दुसरी अडचण पंचांगाची. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला येतो आणि त्या दिवशी, नाहीतर लगतच्या शनिवारी, टेकड्यांवर झाडं लावायची धांदल उडते. पुण्यात पाऊस येतो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, तोही आला तर. वनखात्याचा कुठलाही वनरक्षक सांगेल की दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजल्यावर रोप लावावं, खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत, आणि लावल्यानंतर पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं. करंज, कडुनिंब, बहावा ही चिवट झाडं. पण कोरड्या मुरमात लावलेला करंजसुद्धा काय करणार? खड्डे खणायला एप्रिलच्या उन्हात आणि पाणी घालायला पुढच्या मार्चमध्ये कुणी येत नाही. मार्चमध्ये तर तिमाहीअखेर आणि वर्षअखेर एकत्र आलेली असते. काही सोसायट्यांचे आणि टेकडीप्रेमींचे गट वर्षभर कॅन घेऊन टेकडी चढतात, त्यांच्यातही सॉफ्टवेअरवाले पुष्कळ असतात. फक्त ते त्या वेळी कंपनीच्या टी-शर्टमध्ये नसतात.

तसं पाहिलं तर या मंडळींना कुदळ नवी नाही. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत कॉलेजच्या दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. लातूर-सांगलीच्या कॉलेजांतून आलेल्या किती तरी अभियंत्यांनी पहिला बंधारा तिथे बांधलेला असतो, आणि रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपून सकाळी प्रभातफेरीही काढलेली असते. त्याआधी 1967 पासून बाबा आमटेंच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला मे महिन्याच्या भर उन्हात तरुण मुलं जात आली आहेत. चंद्रपूरचा मे महिना ज्याने भोगला आहे, त्याला हे काय ते कळेल. म्हणून ‘टीम बिल्डिंग’च्या सत्रात कुणी श्रमाचं मोल वगैरे समजावून सांगू लागलं, की मागच्या रांगेतला एखादा बीडचा मुलगा गालातल्या गालात हसत असतो.

या शहरी श्रमदानाला खरी उंची आली ती पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, असं मला वाटतं. 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी 30 तालुके, 2018 मध्ये 75. गावातल्या निवडक बाया-माणसांना आधी निवासी प्रशिक्षण, मग एप्रिल-मेमध्ये 45 दिवस काम. 8 एप्रिलचा मुहूर्त धरून कित्येक गावांनी रात्री बाराच्या ठोक्यालाच टिकाव मारला. गुणांची पद्धत चोख होती: श्रमदानाला वेगळे गुण, यंत्रकामाला वेगळे, शोषखड्ड्यांना, रोपवाटिकेला वेगळे. शहरातल्या लोकांना ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवायची सोय होती, आणि 2018 च्या महाराष्ट्र दिनी महाश्रमदानाची हाक दिली गेली तेव्हा लाखाहून अधिक शहरी माणसांनी नोंदणी केलेली होती. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून गटच्या गट निघाले. 1 मे म्हणजे सुट्टी, त्यामुळे रजेचा प्रश्न नव्हता.

तिथे काय होत असे, ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या लक्षात असेल. पहाटे सहाला शिवारावर हजर व्हायचं, कारण नऊनंतर ऊन उभं राहू देत नाही. चर कुठे खणायचा ते आधी ठरलेलं. गावातल्या मुलामुलींनी हायड्रोमार्कर नाहीतर ए-फ्रेमने समपातळी काढून फक्कीने पांढरी रेघ मारलेली. सलग समतल चर, म्हणजे गावच्या तोंडी सीसीटी, किती लांब, किती रुंद, किती खोल, हे दहावी नापास पोरगा एम.टेक. झालेल्याला सांगणार आणि एम.टेक. झालेला ऐकणार. माती खालच्या अंगाला टाकायची, वर नाही; वर टाकली तर पहिल्या पावसात चर बुजतो. अर्ध्या तासात तळहाताला फोड. मग हुशार माणसं खणणं सोडून घमेल्यांच्या साखळीत उभी राहत. नऊ-साडेनऊला पिठलं-भाकरी, ठेचा, आणि गावातल्या एखाद्या आजीने हात धरून विचारलेलं गाव कोणतं, पोरं किती.

या पाहुण्यांनी खणलेली माती घनमीटरमध्ये मोजली तर फार भरणार नाही. मोठा उपसा पोकलेन आणि जेसीबींनी केला. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने गावांना यंत्रं पुरवली ती त्यासाठीच. गावकऱ्यांनी रोज उठून केलेल्या कामापुढे शहरवाल्यांचा एक दिवस म्हणजे चिमूटभर. तरी त्या दिवसाचं महत्त्व कमी नव्हतं. गावात दोन भावक्यांचं, दोन पक्षांचं, कधी मंदिराच्या चाव्यांचं भांडण असतं. अर्धं गाव श्रमदानाला येतं आणि अर्धं पारावर बसून बघतं. पुण्याहून पन्नास अनोळखी माणसं येऊन आपल्या शिवारात घाम गाळतात म्हटल्यावर पारावर बसणं जरा जड जातं. तिथे जलमित्रांचा उपयोग कुदळीपेक्षा लाजेसाठी जास्त झाला. पण ती लाज कुणाला आणि कधी वाटायला हवी, हे गावाने जाणलेलं होतं. चाळीस माणसं हवीत की चारशे, कुठल्या दिवशी, कुठल्या चरावर, हे यजमान ठरवत होता. मुळशीच्या शाळेत हे उलटं असतं. तिथे तारीख कंपनीची आणि माणसांचा आकडाही कंपनीचा. शाळेने फक्त हो म्हणायचं.

मेळघाटात काम करणाऱ्या पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेची रीत याहून कडक आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला तेव्हा या मंडळींनी पावसाळ्यातली धडक मोहीम सुरू केली. शेतात काम असतं, घरात धान्य कमी असतं, नाले भरून वाटा तुटतात आणि मुलं जुलाब-तापाने आजारी पडतात, तेच ते महिने. शहरातल्या स्वयंसेवकांनी तुकडी करून दहा-दहा दिवस कोरकू गावांत राहायचं, घरोघर फिरायचं, आजारी मूल दिसलं की आरोग्यकेंद्रापर्यंत न्यायचं, मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण करून दाखवायचं. एका शनिवारात हे बसत नाही. नोकरदार माणसाला स्वतःची रजा मोडावी लागते, घरच्यांना समजवावं लागतं, आणि तिथे गेल्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. कंपनीच्या तक्त्यात बसावं म्हणून दहा दिवसांचे दोन करता येतील का, असं विचारण्यात अर्थ नसतो, कारण कोरकू आईचा विश्वास दोन दिवसांत बसत नाही. साधी गोष्ट आहे.

आता कौशल्याकडे येऊ. संगणक अभियंत्याने भिंत रंगवावी की संस्थेला त्याच्या विद्येचा उपयोग करून द्यावा, हा प्रश्न कंपन्यांतही विचारला जातो. टाटा समूहाने 2014 मध्ये ‘टाटा एंगेज’ सुरू केलं, त्यात ‘प्रोएंगेज’ नावाचा भाग आहे. संस्था आधी आपली गरज प्रकल्प म्हणून मांडते आणि कर्मचारी काही महिने सवडीने त्यावर काम करतो. रीत चांगली आहे. सगळीकडे ती नाही. हॅकेथॉनमध्ये एका रात्रीत संस्थेसाठी अॅप तयार होतं, बक्षीस मिळतं, फोटो निघतो. वर्षभराने तो मुलगा नोकरी बदलून बंगळुरूला जातो. पासवर्ड त्याच्याकडे, डोमेन त्याच्या मित्राच्या नावावर, आणि त्याचं नूतनीकरण करायचं असतं हे संस्थेच्या कार्यालयात कुणालाच माहीत नसतं. एक दिवस संकेतस्थळ उघडत नाही, नाहीतर उघडतं आणि तिथे भलतीच जाहिरात दिसते. महाराष्ट्रातल्या लहान संस्थांच्या कार्यालयांत बसून गप्पा माराव्यात, ही कथा थोड्याफार फरकाने भेटते.

संस्थांची खरी गरज अनेकदा अॅपची नसतेच. गरज असते ती वीस वर्षांच्या मराठी नोंदी वाचवण्याची. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉण्टांत टंकलेल्या लाभार्थींच्या याद्या, सर्वेक्षणं, अहवाल. नव्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चुराडा दिसतो. ते युनिकोडमध्ये आणायचं, रफार आणि जोडाक्षरं तपासायची, मग एक्सेलमध्ये नीट रकाने पाडून संस्थेच्या ताईंना पिव्हट टेबल शिकवायचं. यात शोधपत्रिकेत छापण्यासारखं काही नाही. चार-सहा शनिवार टिच्चून बसलं तर होण्यासारखं आहे, आणि त्यानंतर संस्थेला कुणाची वाट बघावी लागत नाही.

या बाबतीत फकीरचंद कोहलींचं उदाहरण मला नेहमी आठवतं. टीसीएसचे पहिले सूत्रधार, भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते कोहली 2020 मध्ये गेले. सत्तरीच्या पुढे त्यांनी प्रौढ साक्षरतेचा विषय डोक्यात घेतला. 2000 साली तेव्हाच्या आंध्रातल्या मेडक जिल्ह्यात, तेलुगूपासून, संगणकावरून वाचायला शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे तो मराठीसह इतर भाषांत गेला. अक्षरं घोकत बसण्याऐवजी सबंध शब्द चित्रासारखा ओळखायचा, आणि साधारण 40 तासांत माणूस सोपा मजकूर वाचू लागतो, असा त्यामागचा विचार. लिहिता येणं आणि बेरीज-वजाबाकी हे त्यातून साधत नाही, अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. पण कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. अभियंत्यांनी कार्यालयात बसून सॉफ्टवेअर लिहिलं, तेही लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या संगणकांवर चालेल असं. वर्ग घेणारी मात्र गावातलीच प्रेरक, दिवसभर शेतात राबून आलेल्या बायकांच्या वेळेला. तिथे कुणी पाहुणा आलाच नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या कामात तर अभियंत्याचं जास्त शिक्षण आडवंच येतं. पुण्यात लेखनिक होण्याची परंपरा मोठी आहे. परीक्षेच्या हंगामात व्हॉट्सॲपवर निरोप फिरतात आणि लोक रजा टाकून जातात. पण परीक्षार्थीने स्वतः लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असं केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं. म्हणजे बी.ए.च्या मुलीचा पेपर लिहायला बी.ई. झालेला चालत नाही. त्याला काम आहे ते दुसरं, आणि ते ढिगाने आहे. दृष्टिहीनांना पुस्तकं सुगम रूपात मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा 2014 मध्ये पहिला देश ठरला. त्याआधीच, 2012 च्या दुरुस्तीने, आपल्या कॉपीराइट कायद्यात दृष्टिहीनांसाठी पुस्तक सुगम रूपात आणायला मोकळीक मिळाली होती. 2016 मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. त्याची तांत्रिक उभारणी टीसीएसची, पुस्तकं डेझी फोरमच्या संस्थांची. आता पुस्तक स्कॅन करून संगणकाने ओळखलेला मराठी मजकूर तपासायला डोळस माणूस लागतो. यंत्र ‘घ’चा ‘ध’ करतं, ‘भ’चा ‘म’ करतं, ‘ख’ फोडून ‘रव’ करतं, आणि रफार कुठे डोक्यावर ठेवेल ते सांगता येत नाही. ‘घर’चं ‘धर’ झालं तर स्पेलचेकला पत्ता लागत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच. वाचायलाच हवं. हे काम वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून रात्री पाऊण तास करता येतं, हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेल्या बसमध्ये तर पोटभर. त्याला फ्लेक्स लागत नाही की गुलाबाचं फूल.

कंपन्या तसं करत नाहीत, असं नाही. करणारी माणसं आतून ढकलत असतात; त्यांना वरिष्ठांपुढे आकडा दाखवावा लागतो, आणि तपासलेल्या पानांपेक्षा चाळीस टी-शर्टांचा फोटो दाखवायला सोपा पडतो. तेव्हा मोजमाप होणारच असेल तर ते वॉटर कपसारखं व्हावं, असं मला सुचवायचं आहे. गुणपत्रक असू द्या, पण गुण संस्थेने कंपनीला द्यायचे. तारीख आम्हाला विचारून ठरवली का, इतके गुण. मागच्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, इतके. लावलेल्या झाडांना मार्चमध्ये पाणी कुणी घातलं? चहा-पोह्याचा खर्च कुणी केला? शाळा शनिवारी किती वाजता सोडता आली? आणि संकेतस्थळ करून दिलं असेल तर पासवर्ड कुणाकडे आहे, आणि पुढच्या वर्षी डोमेनचे पैसे कोण भरणार आहे?